तुटक रेषेचे तळे : 'प्लाया' या शब्दाची गोष्ट

शाळेच्या नकाशासंग्रहात तळ्याचा काठ अखंड निळ्या रेषेने दाखवलेला असतो. पण राजस्थान, इराण, मध्य आशिया किंवा ऑस्ट्रेलियाचे पान उघडले, तर काही तळ्यांची रेषा तुटक दिसते. सूचीत पाहिले तर तिथे 'हंगामी तळे' किंवा 'अधूनमधून पाणी असणारे तळे' असे लिहिलेले असते. एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "पाणी नसेल तेव्हा तिथे काय असते? आणि पाणीच नसेल तर त्याला तळे का म्हणायचे?"

प्रश्न रास्त आहे. जगभरच्या माणसांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली, आणि ती त्यांच्या भाषांत शब्द होऊन राहिली. त्यांपैकी एक शब्द भूगोलाच्या पुस्तकांत सगळीकडे पोचला आहे, तो म्हणजे 'प्लाया'. महाविद्यालयातल्या भूरूपशास्त्राच्या पुस्तकात तो भेटतो. वाळवंटातल्या बंदिस्त खोलगट भागातले सपाट, कोरडे तळे, अशी त्याची व्याख्या पाठ होते. पण मूळ स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ तळे असा नाही आणि तळ असाही नाही. त्याचा अर्थ आहे किनारा, पुळण. लाटा येतात तो समुद्रकाठ. किनाऱ्यासाठी असलेला शब्द समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर वाळवंटातल्या तळाला कसा चिकटला?

पाणी बाहेर जात नाही तेव्हा

शब्दाकडे वळण्याआधी ती जागा कशी तयार होते ते पाहू. आपल्या ओळखीच्या बहुतेक नद्या शेवटी समुद्राला मिळतात. पाण्याबरोबर गाळ जातो, विरघळलेले क्षारही जातात. पण जगात असे कित्येक प्रदेश आहेत, की जिथे चारी बाजूंनी उंच जमीन आहे आणि पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. तिथे पडलेला पाऊस सर्वांत खोलगट भागात जमतो. तिथून सुटायला त्याला मुख्यतः एकच मार्ग असतो, तो म्हणजे वाफ होऊन हवेत जाण्याचा.

पाऊस भरपूर असेल, तर पाणी वाढत जाऊन कुठेतरी काठावरून सांडेल आणि वाट काढेल. पण थरच्या वाळवंटासारख्या ठिकाणी पाऊस वर्षाला जेमतेम २०-३० सेंटिमीटर पडतो आणि उघड्या पाण्याची वर्षभरात वाफ होऊ शकते ती मात्र दोन मीटरच्या आसपास. हा जमाखर्च कधीच जुळत नाही. पावसाळ्यात साचलेले उथळ पाणी उन्हाळ्यापर्यंत संपते.

पाणी उडाले तरी त्याने आणलेला माल उडत नाही. जाडी वाळू आणि गोटे डोंगराच्या पायथ्याशीच पडून राहतात. मधल्या खळग्यापर्यंत पोचते ती अगदी बारीक माती. ती संथ पाण्यात सावकाश तळाशी बसते, आणि म्हणूनच हा तळ कमालीचा सपाट असतो. विरघळलेले क्षार त्यावर साचतात. त्यांचाही एक क्रम असतो. आधी कमी विरघळणारे कार्बोनेट वेगळे होतात, मग जिप्सम आणि नंतर आपले रोजचे मीठ. कोकणातल्या मिठागरात हेच घडते. समुद्राचे पाणी आटून साधारण एक पंचमांश उरले की जिप्सम बसू लागते, आणि एक दशांशाच्या आसपास आले की मीठ. मिठागर हे माणसाने बांधलेले छोटे कोरडे तळेच म्हणायला हरकत नाही.

सगळे तळ सारखे नसतात. भूजल खूप खोल असेल, तर पृष्ठभाग कडक, गुळगुळीत चिकणमातीचा होतो आणि वाळला की त्याला बहुकोनी भेगा पडतात. भूजल हातभर खोलीवर असेल, तर ते मातीतल्या बारीक छिद्रांतून वर चढते, उडून जाते आणि मागे क्षारांचा पोपडा सोडते. हा पोपडा फुगतो, फुटतो आणि खडबडीत होतो. बेसुमार पाणी दिलेल्या उसाच्या पट्ट्यात जमिनीवर पांढरा थर येतो, तेव्हा आपले शेतकरी जमीन खारवट, चोपण झाली असे म्हणतात. क्षार वर येण्याची क्रिया तिथेही हीच असते.

किनाऱ्याचा तळ कसा झाला?

आता शब्दाकडे येऊ. अमेरिकेच्या पश्चिम भागात, रॉकी पर्वत आणि सिएरा नेवाडा यांच्या दरम्यान, एक प्रचंड प्रदेश आहे. तिथले पाणी कुठल्याच समुद्राला मिळत नाही. जॉन फ्रेमाँट या लष्करी सर्वेक्षकाने १८४३-४४ च्या मोहिमेत हे ओळखले आणि त्या प्रदेशाला 'ग्रेट बेसिन' हे नाव दिले. त्या वेळी हा भाग मेक्सिकोच्या ताब्यात होता. १८४८ च्या तहाने तो अमेरिकेकडे आला. इंग्रजी बोलणारे सर्वेक्षक तिथे हिंडू लागले, तेव्हा तिथल्या भूरूपांसाठी त्यांच्याकडे शब्द नव्हते, कारण इंग्लंडच्या ओल्या, हिरव्या भूगोलात अशी रूपेच नव्हती. म्हणून त्यांनी तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या रहिवाशांचे शब्द उचलले. सपाट माथ्याच्या टेकडीला 'मेसा', खोल घळीला 'कॅनियन', आणि मधल्या सपाट कोरड्या जमिनीला 'प्लाया'.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोन भूवैज्ञानिकांनी या प्रदेशाचा सखोल अभ्यास केला. इस्राएल रसेल यांचा नेवाडातल्या 'लाहॉन्टन' या लुप्त तळ्यावरचा ग्रंथ १८८५ मध्ये निघाला आणि ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांचा युटातल्या 'बॉनव्हिल' तळ्यावरचा ग्रंथ १८९० मध्ये. दोघांनीही सुरुवात डोंगरउतारांपासून केली. उतारांवर पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा होत्या. आजच्या ग्रेट सॉल्ट लेकच्या पाण्यापेक्षा जवळजवळ ३०० मीटर उंचावर लाटांनी कोरलेले काठ आणि गोट्यांच्या पुळणी होत्या. म्हणजे हिमयुगात इथे सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरचे तळे होते. या काठांची उंची सगळीकडे सारखी नव्हती. तळ्याच्या मध्यभागाजवळचे काठ कडेच्या काठांपेक्षा उंच होते. गिल्बर्ट यांनी त्याचा अर्थ लावला, की पाण्याच्या प्रचंड वजनाने जमीन खाली दबली होती आणि पाणी गेल्यावर ती पुन्हा वर आली. कोरड्या तळ्याने पृथ्वीचे कवच लवचीक आहे याचा पुरावा दिला.

रसेल यांनी 'प्लाया' हा शब्द शास्त्रीय संज्ञा म्हणून वापरला. पुढे १९०५ मध्ये विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी शुष्क प्रदेशातल्या भूरूपचक्रावर निबंध लिहिला. अशा लेखनातून ही परिभाषा जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आणि तिथून आपल्याकडे आली.

किनाऱ्याचा शब्द तळाला लावणे ही चूक होती का? सोपे गणित करून पाहू. समजा, तळाचा उतार किलोमीटरला फक्त १० सेंटिमीटर आहे. पाण्याची पातळी ५ सेंटिमीटर वाढली, तर पाण्याचा काठ अर्धा किलोमीटर पुढे सरकेल. वाऱ्याने पाणी एका बाजूला लोटले तरी काठ बराच हलेल. म्हणजे अशा तळ्याला एका जागी स्थिर असा किनारा नसतोच. तळाचा प्रत्येक बिंदू कधी ना कधी पाण्याची कड असतो. या अर्थाने पाहिले तर सगळा तळ किनारा आहे. शब्द रुळण्यामागे हाच विचार होता असे सांगता येणार नाही, पण वर्गात हा शब्द समजावताना हे गणित उपयोगी पडते.

एक जागा, अनेक नावे

इतर भाषांनी या जागेत दुसरेच काही पाहिले. अरबीत 'सब्खा' म्हणजे खारवट सपाट जमीन. फारसीत 'कवीर'. इराणच्या मध्यभागातले 'दश्त-ए-कवीर' हे नाव त्यावरूनच आले. मध्य आशियातल्या तुर्की भाषांत 'ताकीर' म्हणजे भेगाळलेल्या चिकणमातीचे मैदान. बोलिव्हिया आणि चिलीतले लोक स्पॅनिशच बोलतात, पण ते प्लाया म्हणत नाहीत, 'सालार' म्हणतात. 'साल' म्हणजे मीठ. बोलिव्हियातले उयुनीचे सालार सुमारे १०,००० चौरस किलोमीटरचे असून समुद्रसपाटीपासून ३,६५० मीटरहून उंच आहे. चीनमधल्या लोप नोर या नावातला 'नोर' मात्र मंगोल भाषेतला तळे या अर्थाचा शब्द आहे. पाणी गेले तरी नाव तळ्याचेच राहिले.

कुणी मीठ पाहिले, कुणी माती, कुणी काठ, तर कुणी गेलेल्या पाण्याची आठवण ठेवली. राजस्थानातही तसेच आहे. लूणकरणसर या गावाच्या नावातला 'सर' म्हणजे सरोवर.

मराठी वाचकाला इथे कच्छचे 'रण' आठवेल. ओसाड, खारट जमीन या अर्थाच्या 'इरिण' या संस्कृत शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कच्छच्या या भागाला 'एरिनॉन' म्हटले आहे. पण रणाला प्लाया म्हणताना जपून. प्लाया चारी बाजूंनी बंदिस्त असते. रण समुद्राला जोडलेले आहे. पावसाळ्यात तिथे नद्यांच्या पाण्याबरोबर समुद्राचेही पाणी शिरते. दिसायला दोन्ही सारखी, पण घडण वेगळी.

सांभरचे मीठ कुठून आले?

राजस्थानातली सांभर, डीडवाना, पचपदरा ही खरी अंतर्गत खोलगट भागातली खारी तळी आहेत. त्यांत सांभर सर्वांत मोठे. पूर्ण भरले तर सुमारे २३० चौरस किलोमीटर, पण खोली फार थोडी. समुद्रापासून इतक्या दूर एवढे मीठ आले कुठून? १९०९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टी. एच. हॉलंड आणि डब्ल्यू. ए. के. ख्रिस्ती यांनी उत्तर दिले, की उन्हाळ्यात नैऋत्येकडून वाहणारे जोरदार वारे कच्छच्या रणातले मीठ उडवून आणतात. वाऱ्यात खरोखरच मिठाचे कण असतात, हे त्यांनी हवेतले मीठ मोजून दाखवले होते. ही कल्पना बराच काळ टिकली. नंतरच्या रासायनिक आणि समस्थानिकांच्या अभ्यासांतून कल दुसरीकडे झुकला. पावसाच्या पाण्यात असलेले थोडेसे क्षार आणि खडक झिजून सुटणारे क्षार हजारो वर्षे एकाच बंद भांड्यात साचत राहिले, तर एवढे मीठ जमायला ते पुरेसे आहेत.

चिखलाने सोडवलेला आणि वाढवलेला पेच

या तळ्यांकडे मिठापलीकडे जाऊन पाहिले ते पुरावनस्पतितज्ज्ञ गुरदीप सिंग यांनी. दरवर्षी आजूबाजूच्या झाडाझुडपांचे परागकण पाण्यावर पडतात आणि गाळात पुरले जातात. परागकणाचे कवच फार चिवट असते. गाळाचा उभा नमुना काढून थराथरातले परागकण मोजले, तर कोणत्या काळी कोणत्या वनस्पती होत्या हे कळते, आणि त्यावरून पावसाचा अंदाज येतो. सांभर, डीडवाना आणि लूणकरणसर इथल्या गाळावरून सिंग यांनी १९७१ मध्ये आणि सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. इ.स.पू. ३००० च्या सुमारास या भागात पाऊस आजच्यापेक्षा बराच जास्त झाला. त्या काळात हडप्पा संस्कृती फुलली. इ.स.पू. १८०० च्या सुमारास हवा कोरडी झाली आणि संस्कृती ओसरली.

चित्र नीटस होते. पाऊस आला, नगरे वसली. पाऊस गेला, नगरे उठली. अनेक पुस्तकांनी ते उचलले. पण एक अडचण होती. कार्बन-१४ पद्धतीने मिळणारी वर्षे आणि पंचांगाची वर्षे एकच नसतात. वातावरणातले कार्बन-१४ चे प्रमाण काळानुसार बदलत आले आहे. झाडांच्या वाढीची कडी मोजून ही वर्षे दुरुस्त करावी लागतात. तशी दुरुस्ती केल्यावर तळ्यांचे काल मागे सरकले.

१९९९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लूणकरणसरच्या तळावरचा नवा अभ्यास आला. इस्राएलचे येहुदा एन्झेल यांच्याबरोबर त्यात अहमदाबादचे आर. रमेश, तसेच पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले एस. एन. राजगुरू आणि शीला मिश्रा हेही होते. त्यांना असे दिसले, की कार्बन-१४ च्या हिशेबाने सुमारे ६,३०० वर्षांपूर्वी तळे एकाएकी भरले, दीड हजार वर्षे टिकले आणि सुमारे ४,८०० वर्षांपूर्वी पूर्ण आटले. पंचांगाच्या वर्षांत हा आटण्याचा काळ इ.स.पू. ३५०० च्या आसपास येतो. हडप्पाची मोठी नगरे उभी राहिली ती इ.स.पू. २६०० नंतर. म्हणजे तळे आटल्यावर जवळजवळ हजार वर्षांनी! संस्कृती ओल्या काळात नव्हे, तर कोरड्या काळात बहरली, असा त्याचा अर्थ होता.

वाद इथे संपला नाही. २०१४ मध्ये यम दीक्षित आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या कोटला डहर या जुन्या तळ्यातल्या गोगलगायींच्या शिंपल्यांमधील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून दाखवले, की सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी पावसाळा अचानक दुबळा झाला. हा काळ नगरे ओसरण्याच्या काळाशी जुळतो. २०१८ मध्ये याच चमूने राजस्थानातल्या करसंडी इथल्या कोरड्या तळाच्या अभ्यासातून सुमारे ५,१०० ते ४,४०० वर्षांपूर्वी पाऊस चांगला होता असे मांडले. आपल्या लोणारच्या सरोवरातही, ते वाळवंटात नसले तरी बंदिस्त आणि खारे आहे, गाळात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडले. पाणी फार आटले की ते तयार होतात. त्यांवरून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी मध्य भारतात दीर्घ अवर्षण होते असे २०१३ मध्ये मांडले गेले.

मग खरे कोणाचे? एक तळे म्हणजे सगळा प्रदेश नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. एका तळ्याला भूजलाचा आधार असतो, दुसऱ्याला नसतो. एखाद्याची वाट वाळूची टेकडी अडवते. शिवाय कोरड्या तळाचा एक दोष आहे. तळे कोरडे असताना वारा वरचे थर खरवडून नेतो. वहीची काही पाने फाटलेली असावीत तसे होते. आणि पानांवर पाऊस लिहिलेला असतो, माणसांनी काय केले ते नाही. पाऊस कमी झाल्यावर पिके बदलली, वस्त्या हलवल्या, की नगरे सोडली, हे पुरातत्त्वाने उत्खननातूनच सांगायचे. पाऊस गेला म्हणून संस्कृती गेली, हे एका ओळीचे उत्तर परीक्षेला सोपे असते, पण या चिखलाने ते दोनदा तरी बदलायला लावले आहे.

'तिथे काहीच नाही'

या जागांकडे रिकाम्या जागा म्हणून पाहण्याची सवय मात्र जुनी आहे. सपाट म्हणून त्या धावपट्ट्या झाल्या. १४ एप्रिल १९८१ रोजी कोलंबिया हे अवकाशयान पहिल्या मोहिमेनंतर कॅलिफोर्नियातल्या रॉजर्स या कोरड्या तळ्यावर उतरले. ओसाड म्हणून त्या चाचणीच्या जागा झाल्या. जानेवारी १९५१ मध्ये नेवाडात पहिला अणुस्फोट झाला तो फ्रेंचमन फ्लॅट या कोरड्या तळ्याच्या सपाटीवर, आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनचा पहिला अणुस्फोट झाला तो लोप नोरच्या परिसरात.

तळे मात्र आपले तळेपण विसरत नाही. डोनाल्ड कॅम्बेल हे १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लेक एअरच्या मिठावर मोटारीच्या वेगाचा विक्रम करायला गेले. नेमका पाऊस आला, मीठ भिजले आणि बेत फसला. १७ जुलै १९६४ रोजी त्यांनी तिथेच ताशी ६४८ किलोमीटरचा विक्रम केला. १९७४ मध्ये तर ते तळे भरून समुद्रासारखे पसरले.

एका बाबतीत शब्दाची काटेकोर निवड फार महत्त्वाची ठरते. कॅलिफोर्नियातले ओवेन्स तळे आज बऱ्याच नकाशांत 'कोरडे तळे' म्हणून आहे. पण ते निसर्गाने कोरडे केलेले नाही. १९१३ मध्ये लॉस एंजलिस शहराने कालवा काढून त्याची नदी वळवली आणि १९२६ पर्यंत सुमारे २८० चौरस किलोमीटरचे तळे आटले. उघड्या पडलेल्या क्षारांच्या धुळीने आसपासच्या गावांचे श्वास कोंडले. अमेरिकेतला बारीक धुळीचा तो सर्वांत मोठा एकटा स्रोत ठरला. २००० नंतर त्याच शहराला तळावर पुन्हा उथळ पाणी पसरण्यासाठी आणि खडी, गवत अंथरण्यासाठी दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च करावा लागला. हजारो वर्षांत आपोआप घडलेल्या प्लायाचा पृष्ठभाग बऱ्याचदा कडक असतो. घाईने आटवलेल्या तळ्याचा तसा नसतो. नकाशात दोन्हींची रेषा एकच, तुटक.

आपले सांभर १९९० पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. हजारो रोहित पक्षी तिथे येतात, कारण उथळ खाऱ्या पाण्यात सूक्ष्म जीव विपुल असतात. २०१९ च्या नोव्हेंबरात तिथे बोट्युलिझममुळे १८,००० हून अधिक पक्षी मेले, तेव्हा वर्षाचे कित्येक महिने कोरडी दिसणारी ही जागा किती जिवांचा आधार आहे ते सर्वांना दिसले.

वर्गात करून पाहा

एका पसरट ताटात बारीक माती आणि मीठ मिसळलेले गढूळ पाणी ओता. ताट उन्हात ठेवा. पाणी आटत असताना काठ कसा सरकतो, ते रोज तारखेसह खडूने ताटाच्या कडेवर नोंदवा. वाळल्यावर भेगा आणि पोपडा पाहा. मग वेगळ्या रंगाची माती घेऊन तेच पुन्हा करा, तीन-चार वेळा. मधल्या एका खेपेला वाळलेला थर ब्रशने थोडा झाडून टाका आणि ही खेप कोणती ते मुलांना सांगू नका. शेवटी चाकूने तळ उभा कापा आणि दुसऱ्या तुकडीला दाखवा. किती वेळा पाणी आले, किती वेळा गेले आणि कुठले पान फाटले आहे, ते त्यांना फक्त थरांवरून ओळखू द्या. त्यांच्या उत्तरांत फरक पडेल. तो पडू द्या, आणि प्रत्येकाला आपल्या उत्तराचा पुरावा ताटात दाखवायला सांगा.